पेटीचा गांधार

तंबोरा नीट जुळला म्हणजे खर्जाच्या तारेंतून कोणी न छेडलेला गांधार ऐकूं येऊं लागतो. गवयांनीं त्याला स्वयंभू गांधार असें नांव दिलें आहे, आणि तें नांव अगदीं यथार्थ आहे. तार जेव्हां आपल्या संबंध लांबीनें हेलकावते, तेव्हां तिचे निम्मे, तिसरे, चौथे आणि पांचवे हिस्सेहि त्याच वेळीं कंप पावत असतात. त्यांतील पांचव्या हिश्श्याचा ध्वनि म्हणजेच हा गांधार. घोडीची जवारी साधलेली असली आणि तारेखालचें सूत नेमक्या जागीं सरकलें, तर तो इतका स्पष्ट होतो कीं, नवशिक्यालाहि तो वेगळा दाखवावा लागत नाहीं. आतां त्याच खोलींत बाजाची पेटी उघडावी, तंबोऱ्याचा षड्ज तिच्या षड्जाशीं तंतोतंत मिळवून घ्यावा, आणि गांधाराची पट्टी दाबावी. दोन गांधार एकमेकांत मिसळत नाहींत. त्यांच्यामध्यें एक डोलणारी, थरथरती खळबळ उत्पन्न होते. पेटी वाईट आहे म्हणून नव्हे. कारागिरानें ती प्रचलित रीतीप्रमाणें जितकी काळजीपूर्वक लावलेली असेल, तितकी ही खळबळ निश्चित!

हा प्रकार काय आहे तें थोड्या अंकगणितानें उलगडतें, आणि शाळेंतलें अंकगणित त्याला पुरेसें आहे. मध्य षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० मानलीं, तर शुद्ध पंचम त्याच्या दीडपट म्हणजे ३६०, शुद्ध मध्यम एकतृतीयांशानें अधिक म्हणजे ३२०, आणि शुद्ध गांधार सव्वापट म्हणजे ३००. ऋषभ २७०, निषाद ४५०, तार षड्ज ४८०. धैवताविषयीं मतभेद आहे. कोणी ४०० म्हणतात, कोणी ४०५. या पांच आंदोलनांची गोष्ट पुढें यावयाचीच आहे. हीं सारीं साध्या अपूर्णांकांचीं प्रमाणें होत, आणि कानाला जें सुरेल वाटतें त्याचें मूळ बऱ्याच अंशीं याच साधेपणांत आहे.

पेटीचा हिशेब निराळा. तिच्यांत षड्जापासून तार षड्जापर्यंतचें अंतर बारा समान पायऱ्यांत विभागलेलें असतें. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या सुमारें १.०५९५ पट, बारा वेळां हा गुणाकार केला कीं बरोबर दुप्पट होते. या जिन्यानें चढत गेलें म्हणजे पंचम ३५९.६ वर येतो आणि मध्यम ३२०.४ वर. एवढ्या फरकानें कोणाची झोंप उडणार नाहीं. परंतु गांधार येतो ३०२.४ वर, धैवत ४०३.६ वर आणि निषाद ४५३ वर. उलट कोमल गांधार २८८ असावयाचा, तो २८५.४ पर्यंत खालीं घसरतो. तंबोऱ्याच्या खर्जाचीं आंदोलनें १२०. त्यांतून निघणारा स्वयंभू गांधार ६००. पेटीच्या गांधारांतूनहि त्याच्या दुपटीचा उपस्वर निघतो, तो सुमारें ६०४.८. या दोहोंच्या झटापटींत सेकंदाला जवळजवळ पांच हेलकावे पडतात. तीच ती खळबळ.

मग समान पायऱ्यांचा हा खटाटोप मुळांत कोणी आणि कशासाठीं केला? षड्जापासून सव्वापटीनें तीनदां चढून पाहावें. २४० चे ३००, ३०० चे ३७५, ३७५ चे ४६८.७५. तीन गांधारांत सप्तक पुरें व्हावें अशी पट्ट्यांची अपेक्षा, आणि प्रत्यक्षांत ४८० ला सव्वाअकरा आंदोलनें कमी पडतात. पंचमाच्या बाजूनें गेलें तर तक्रार उलटी. दीडपटीनें बारा वेळां चढलें कीं सात सप्तकें ओलांडून थोडें पुढें जाऊन पडावें लागतें. १२८ पट व्हावयाची ती १२९.७ पट होते. निसर्गानें हे हिशेब एकमेकांशीं जुळवून ठेवलेलेच नाहींत. गळ्याला किंवा सारंगीला याची पंचाईत पडत नाहीं, कारण तेथें स्वर हवा तेथें लावतां येतो. ज्या वाद्याला बाराच ठरीव पट्ट्या आहेत, त्याच्या डोक्यावर मात्र हा फरक घरांतल्या जुन्या कर्जासारखा बसलेला असतो. तो फिटत नाहीं. कोणाच्या तरी नांवावर टाकावाच लागतो.

युरोपांत सोळाव्या व सतराव्या शतकांत हें कर्ज एकाच्याच माथीं मारण्याची रीत होती. गांधार निर्मळ ठेवावयाचे, त्यासाठीं पंचम किंचित् उतरवावयाचे, आणि उरलेली सगळी बाकी कोपऱ्यांतल्या एका पंचमावर ढकलून द्यावयाची. तो पंचम इतका भेसूर वाजे कीं तेथील वादक त्याला लांडगाच म्हणत, आणि ज्या पट्टींत तो येई ती पट्टी टाळीत. बाकी सर्वांवर सारखी वांटून टाकण्याची कल्पना, म्हणजेच समभागी सप्तक, गणितानें नेमकी मांडण्याचा मान चीनमधील मिंग राजघराण्यांतील चू त्साय-यू या राजपुत्राकडे जातो. त्याचा हिशेब १५८४ चा आहे. हॉलंडांत सायमन स्टेव्हिन यानेंहि पुढील कांहीं वर्षांत तोच हिशेब स्वतंत्रपणें केला. परंतु त्याचें टिपण १८८४ पर्यंत छापलें गेलें नाहीं. बाखनें १७२२ मध्यें चोवीसहि पट्ट्यांत रचना करून ग्रंथ सिद्ध केला, तो समभागी सप्तकाचा विजय म्हणून पुष्कळदां सांगितला जातो. परंतु त्या ग्रंथाच्या नांवांत वाद्य चांगलें जुळवलेलें असावें एवढेंच आहे, समान जुळवलेलें असावें असें नाहीं, आणि जाणत्यांचा त्यावर अजून वाद आहे. इंग्लंडांत ब्रॉडवुडच्या प्रसिद्ध कारखान्यानें आपले पियानो या रीतीनें लावावयास १८४६ च्या सुमारास आरंभ केला. म्हणजे जी रीत अनादि पाश्चात्य रीत समजली जाते, ती पियानोच्या घरींहि तशी नवीनच.

पाश्चात्य संगीताला या वांटणीचा मोबदला भरपूर मिळाला, हें मान्य केलें पाहिजे. एका रचनेच्या ओघांत षड्ज बदलावयाचा, दूरच्या पट्टींत जाऊन पुन्हां परत यावयाचें, एकाच वेळीं चारपांच स्वर वाजवावयाचे, हें ज्या संगीताचें जीवित आहे, त्याला कोठेंहि लांडगा नको होता. शोपांची रचना नैसर्गिक स्वरांच्या बारा पट्ट्यांवर वाजवूं गेल्यास तिचा विचका होईल. तरीहि तेथील मोठ्या शास्त्रज्ञाचा कान या सौद्यानें सुखावला नव्हता. हेल्महोल्ट्झ यानें १८६३ मध्यें ध्वनीच्या संवेदनेवरील आपला प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत समभागी रीतीनें लावलेली पेटी आपल्याला किती कर्कश वाटते हें त्यानें स्पष्ट लिहिलें आहे. स्वतःसाठीं त्यानें नैसर्गिक प्रमाणांची निराळी पेटी करवून घेतली होती. पियानोचा स्वर उमटतांच विरूं लागतो, म्हणून त्याचा दोष झांकला जातो. पेटीचा स्वर भाता चालेल तोंवर उभा असतो, म्हणून तिचा दोष उघडा पडतो.

आणि नेमकें हेंच वाद्य हिंदुस्थानांत आलें.

पॅरिस येथील अलेक्झांडर दबां यानें हार्मोनियम १८४० च्या सुमारास सिद्ध केली. मिशनऱ्यांच्या प्रार्थनामंदिरांतून पायपेटी इकडे आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिला जमिनीवर बसून एका हातानें भाता चालविण्याजोगें रूप दिलें. महाराष्ट्रांत तिचें भाग्य संगीत रंगभूमीनें उघडलें. १८८० मध्यें शाकुंतल रंगभूमीवर आल्यापासून पुढील चाळीस वर्षांत नाटकगृह हेंच शहरी माणसाचें गायनमंदिर झालें, आणि शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोंचविण्यास पेटी व ऑर्गन यांच्यासारखें वाद्य नव्हतें. गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनीं तर पेटीला मैफलींतहि मानाचें आसन मिळवून दिलें. भास्करबुवा बखले यांची साथ करणारा हा कलावंत १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाचा संगीतकार होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पेटी ही केवळ अडाण्यांचें वाद्य होती हा आक्षेप टिकत नाहीं.

घराघरांत ती शिरली त्याला आणखी एक कारण होतें, आणि तें सांगावयास लोक लाजतात. सारंगी उत्तम साथ करी, परंतु ती कोठीवरच्या बायकांची साथ करी. पांढरपेशा गृहस्थ आपल्या मुलीला गाणें शिकवूं इच्छी, पण सारंगिया दिवाणखान्यांत नको म्हणे. पेटीला असा कोणताच पूर्वेतिहास नव्हता. ती रोज जुळवावी लागत नाहीं, दुपारभरांत तिच्यावर सरगम वाजवितां येते, आणि झांकण लावलें कीं ती कोपऱ्यांतल्या पेटाऱ्यासारखी निमूट बसते. अशा वाद्यानें मुलीच्या कानाला कोणता गांधार शिकविला, हा प्रश्न त्या काळीं फारच थोड्यांनीं विचारला.

विचारला तो सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं. सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या या गृहस्थानें उतारवयांत भरताच्या बावीस श्रुतींचा ध्यास घेतला. अब्दुल करीम खां यांचें त्यांना साहाय्य होतें. खांसाहेबांनीं स्वर लावावा आणि देवलांनीं तो तारेवर मोजावा, अशा रीतीनें हें काम चालले. १९१० मध्यें त्यांचें बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक बाहेर पडलें. न्यायखात्यांतील अर्नेस्ट क्लेमंट्स हे अधिकारी त्यांना येऊन मिळाले. त्यांनीं १९१३ मध्यें हिंदी संगीतावर आपला ग्रंथ लिहिला, आणि दोघांच्या प्रयत्नांतून नैसर्गिक प्रमाणांची, अधिक स्वरांची श्रुति-हार्मोनियम निर्माण झाली. ज्या वाद्यावर बाटल्याचा आरोप, त्यालाच शुद्ध करून घ्यावयाचें, असा हा उपक्रम होता.

त्याची परीक्षा १९१६ च्या मार्चमध्यें बडोद्यास झाली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं आणि भातखंडे यांच्या पुढाकारानें तेथें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती. देवल आणि क्लेमंट्स आपला पक्ष घेऊन आले. तंजावरहून अब्राहम पंडितर आले. प्रात्यक्षिकासाठीं त्यांच्या मुलीहि बरोबर होत्या. पंडितरांचें म्हणणें देवलांच्या अगदीं उलट होतें. सप्तकाचे चोवीस समान भाग हेंच प्राचीन शास्त्राचें खरें रहस्य, असा त्यांचा सिद्धांत. समान वांटणी ही साहेबाची कल्पना आणि नैसर्गिक प्रमाण ही आपली, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हें दृश्य डोळ्यांपुढें आणावें. समान भागांचा कैवार एक तमिळ वैद्य घेत होता आणि नैसर्गिक प्रमाणांचा एक इंग्रज अधिकारी! परिषदेंत श्रुतींच्या मापावर एकमत झालें नाहीं, आणि होण्याजोगेंहि नव्हतें. जमलेल्या उस्तादांना आपला गांधार कोणत्या अपूर्णांकांत बसतो हें कोणी कधीं विचारलें नव्हतें.

देवलांच्या मांडणींतला कच्चा दुवा येथेंच सांगितला पाहिजे. भरतानें श्रुति दिल्या त्या चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा. परंतु एकाहि श्रुतीला त्यानें आंकडा दिला नाहीं. दोन सारख्या वीणा घ्याव्या, एक तशीच ठेवावी, दुसरीचा पंचम श्रुतीनें उतरवून मग सगळी वीणा त्या मानानें उतरवावी, आणि स्वर स्वरांत कसे मिळत जातात तें पाहावें, अशी त्याची रीत आहे. ती कानाची रीत आहे, त्रैराशिकाची नव्हे. तीवर आपल्या काळच्या अपूर्णांकांचा साज चढवून हाच भरत, असें म्हणणें ही विद्वत्तेची घाई होय. मात्र त्या घाईंतहि एक खरी गोष्ट हातीं लागली. भरत ज्या प्रमाणश्रुतीनें पंचम उतरवावयास सांगतो, ती ४०० आणि ४०५ यांच्यांतील फरकाएवढीच असावी, असें मानण्यास बळकट आधार आहे. धैवताविषयीं मागें सांगितलेला मतभेद तो हाच. हा फरक समभागी पेटींत कोठेंच उरलेला नाहीं. तो बारा ठिकाणीं वांटून नाहींसा केलेला आहे. भातखंडे यांनीं या वादांत न गुंतता बारा स्वर आणि दहा थाट यांवर आपली इमारत उभी केली. त्यामुळें हजारों विद्यार्थ्यांना राग लिहून शिकतां आले. पण पुस्तकांतले बारा स्वर आणि पेटीच्या बारा पट्ट्या एकच, असा समजहि त्याबरोबरच रुजला, हें नाकारतां येत नाहीं.

यानंतरचा अध्याय रेडिओचा. दिल्लीच्या केंद्रावर पाश्चात्य संगीताचें काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ मध्यें ‘इंडियन लिसनर’मधून पेटीवर जळजळीत टीका केली. आनंद कुमारस्वामी आणि फॉक्स स्ट्रँगवेज यांनीं त्यापूर्वींच तिला दोष दिला होता. रवींद्रनाथांनीं आपल्या आश्रमांतून तिला हद्दपार केलें होतेंच. १९४० च्या जानेवारींत त्यांनीं कलकत्ता केंद्राला तसें कळविलें. लायोनेल फील्डन हे त्या वेळीं नभोवाणीचे प्रमुख होते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या सर्व केंद्रांवर हार्मोनियमला बंदी झाली. स्वराज्य आलें तरी बंदी उठली नाहीं. बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांच्या कारकीर्दींतहि, १९५२ पासून १९६२ पर्यंत, ती कायमच होती. १९७० मध्यें दिल्लीस या प्रश्नावर परिसंवाद झाला, आणि १९७१ मध्यें बंदी सैल होऊन साथीपुरती पेटी पुन्हां ध्वनिक्षेपकापुढें आली.

या एकतीस वर्षांच्या शिक्षेचा निवाडा नीट झाला नव्हता, असें म्हणणें भाग आहे. पेटीवर आरोप चार होते. तिचे स्वर समभागी आहेत. तिच्यावर मींड निघत नाहीं. तिचा आवाज गळ्याला दाबून टाकतो. आणि ती परदेशी आहे. यांपैकीं चौथा आरोप व्हायोलिनवर कोणी केला नाहीं, आणि तें तितकेंच परदेशी आहे. तिसरा वादकाच्या हाताचा दोष. मींड न निघणें हा दोष खरा, पण तो जलतरंगाचाहि आहे. उरला पहिला आरोप. तोच सर्वांत भारी होता आणि एकटा तोच दूर करतां येण्याजोगा होता. बडोद्यानंतर चोवीस वर्षें उलटली होती. देवलांची पेटी अस्तित्वांत येऊन गेली होती. नैसर्गिक प्रमाणांनीं लावलेलीच पेटी केंद्रांत येऊं द्यावी, असा नियम झाला असता तर गवयांच्या कानांचेंहि रक्षण झालें असतें आणि साथीदारांच्या पोटाचेंहि. परंतु चारी आरोप एकाच आरोपपत्रांत बांधले गेले, आणि पेटीवाल्यांचा मात्र रेडिओवरील चरितार्थ गेला.

आतां नैसर्गिक पक्षाच्या दाव्यालाहि चाप लावणारा पुरावा पाहावा. १९६३ मध्यें नझीर जयराजभाई आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनीं उत्तर हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर यंत्रानें मोजून लंडनहून निबंध प्रसिद्ध केला. त्यांत आढळलें असें कीं, नामांकित कलावंतांचे गांधार एकमेकांशीं जुळत नाहींत. इतकेंच नव्हे, तर एकाच कलावंताचा गांधार एकाच बैठकींतहि थोडाफार हलतो. पुष्कळांना याचा अर्थ असा वाटला कीं, श्रुतींचें सगळें बोलणें फोल. तसा तो नाहीं. वाहत्या तानेंतला गांधार जाता जाता शिवलेला असतो. त्याचें माप काढणें म्हणजे धांवत्या घोड्याचा खूर मोजणें. आलापींत त्याच गांधारावर गवई ठेहराव करतो, तंबोऱ्याच्या स्वयंभू गांधाराशीं तो मिळतो कीं नाहीं तें ऐकतो, आणि मिळाला कीं श्रोत्यांच्या माना आपोआप हलतात. पेटीच्या संगतींत वाढलेल्या गळ्याला हें मिळणें कळेनासें होतें, हाच या प्रश्नांतला खरा तोटा आहे. श्रोता आणि गवई दोघेहि ३०२ लाच गांधार समजूं लागले, तर मग ३०० चा शोध घ्यावयाचा कोणी?

उपाय करणारे गप्प बसलेले नाहींत. डॉ. विद्याधर ओक यांनीं अलीकडच्या काळांत बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. तिच्यांत रागाप्रमाणें श्रुति बदलून घेतां येते. त्याहून साधा उपाय म्हणजे नेहमींच्याच पेटीचे सूर गाणाराच्या षड्जाला धरून नैसर्गिक करवून घेणें. हें काम जाणत्या कारागिराला अवघड नाहीं. पितळी सुराच्या पातीचें टोंक किंचित् घासलें तर सूर चढतो, मुळाशीं घासलें तर उतरतो. गांधार, धैवत आणि निषाद मुळाशीं घासावयाचे, कोमल गांधार व कोमल धैवत टोंकाशीं, आणि प्रत्येक वेळीं तंबोऱ्याशीं ताडून पाहावयाचें. खळबळ मंद होत होत थांबली कीं हात थांबवावयाचा.

अडचण पुढची आहे. वडिलांच्या पांढरी एकला अशी पेटी लावून आणली, तिचा षड्ज २४०, ऋषभ २७०, धैवत ४००. मुलीचा गळा पांढरी दोनमध्यें. तिनें २७० हा आपला षड्ज धरला कीं तिला पंचम हवा ४०५ चा, आणि पट्टींत आहे ४००. पंचमच बिघडल्यावर गाणें कसलें! पट्ट्याच सरकविणाऱ्या स्केल-चेंजर पेटीनेंहि हें सुटत नाहीं, कारण पट्ट्या सरकतात, सूर जागच्या जागींच राहतात. म्हणूनच दुकानदार समभागी पेटी देतो आणि गिऱ्हाईक ती घेतें. ज्या घरांत दोघे गाणारे आहेत, त्या घराला एक तर दोन पेट्या हव्यात, नाहीं तर एक तंबोरा. तंबोऱ्याच्या खुंट्या हव्या त्या षड्जाला पिळतां येतात, आणि त्याचा गांधार प्रत्येक वेळीं त्याच्या बरोबरच येतो.